सैल आटे आणि आवळण्याचे बळ : एका इंजिनाच्या पुनर्बांधणीतील अनुभव

मोटारीच्या इंजिनाची पुनर्बांधणी करताना पिस्टन, बेअरिंग आणि झडपा यांच्या मोजमापांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे हे सर्व भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या बोल्ट, नट आणि स्टड यांच्या आट्यांकडे दिले जात नाही. आटे म्हणजे दांड्यावर किंवा छिद्राच्या आत कापलेल्या पेचदार खाचा, आणि स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा दांडा. सैल लागणारा बोल्ट दिसला की तो ‘अजून थोडा आवळावा’ एवढाच उपाय बहुधा सुचतो आणि छिद्रात उरलेसुरले आटेही त्याच उपायाने जातात.

पुण्यातील एका लहानशा गॅरेजमध्ये, प्रस्तुत लेखकाच्या सहभागाने झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाच्या पुनर्बांधणीत या प्रश्नाची बहुतेक सर्व रूपे एकाच ठिकाणी पाहावयास मिळाली. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या या गाडीच्या चार सिलिंडरच्या, १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा बरेच मऊ असल्याने बोल्ट वारंवार काढल्या-घातल्याने झीज होते ती छिद्रातील आट्यांची. शिवाय ओलावा शिरला की दोन भिन्न धातूंच्या स्पर्शामुळे ॲल्युमिनियम गंजते आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते.

हेड उतरवून स्वच्छ केल्यानंतर प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून पाहण्यात आला, तेव्हा बरेच बोल्ट किंचित डुगडुगत असल्याचे आढळले. मात्र अशी प्रत्येक डुगडुग हा दोष नसतो. बोल्ट छिद्रात सहज शिरावा म्हणून दोहोंच्या मापांत थोडी मोकळीक मुळातच ठेवलेली असते, आणि बोल्ट आवळला की आट्यांच्या एकाच अंगाच्या बाजू परस्परांवर दाबल्या जाऊन ती मोकळीक निरुपद्रवी ठरते. म्हणून बोल्ट हाताला सैल लागतो की नाही यापेक्षा आवळल्यावर तो ताण धरून ठेवतो की नाही, ही कसोटी अधिक विश्वसनीय होय.

या कसोटीला न उतरलेल्या बोल्टांची कारणे वेगवेगळी निघाली. काही ठिकाणी पूर्वी कोणीतरी ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या जागी ५/१६ इंची बोल्ट घुसवलेला होता. त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे दिसायला जवळजवळ सारखाच. परंतु दोन लगतच्या आट्यांमधील अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते १.२५ ऐवजी १.४१ मिलिमीटर असल्याने असा बोल्ट पहिले दोन-तीन आटे जाऊन अडतो आणि पान्याने जोर केल्यास ॲल्युमिनियमचे आटे कापत पुढे सरकतो. पिच-गेज लावल्यावर, म्हणजे दातेरी पात्यांचे मापक आट्यांवर टेकवून पाहिल्यावर, हा फरक तत्काळ उघड झाला. काही बोल्ट मात्र स्वतःच ताणले गेलेले होते. त्यांवर नवा नट हाताने फिरवला असता तो मध्येच अडत असे, कारण जास्त आवळल्याने तेथील पिच कायमची वाढलेली होती. असे बोल्ट बाद करण्यात आले.

खराब छिद्रांसाठी बोल्टला टेफ्लॉनची फीत गुंडाळणे, आट्यांत सुतळीचे तंतू भरणे किंवा टोच्याने छिद्राच्या कडा ठोकणे हे उपाय सुचवले गेले. त्यांनी फट भरते. पण जे आटेच उरलेले नाहीत त्यांचे काम फीत किंवा सुतळी करू शकत नाही. आवळलेला बोल्ट सूक्ष्म प्रमाणात लांबतो, स्प्रिंगप्रमाणे मागे खेचतो आणि त्या खेचीमुळेच दोन भाग एकमेकांवर दाबलेले राहतात. आट्यांवर लावण्याचा चिकट द्रवही कंपनांमुळे बोल्ट सुटू नये यासाठी असतो. गेलेले आटे त्याने परत येत नाहीत.

अखेर अशा छिद्रांत हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे, बसवण्याचा निर्णय झाला. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी छिद्र सुमारे ८.३ मिलिमीटरपर्यंत मोठे करावे लागते, त्यात खास टॅपने नवे आटे पाडावे लागतात, आणि वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली उतरवून त्याचे टोक तोडून बाहेर काढावे लागते. या कामात ड्रिल सरळ उभे राहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तिरक्या छिद्रातील बोल्ट डोक्याच्या एकाच कडेवर टेकतो. पोलादी आट्यांचा भार ॲल्युमिनियमच्या अधिक मोठ्या क्षेत्रावर वाटला जात असल्याने नीट बसवलेले हेलिकॉइल मूळ छिद्राहून अधिक टिकाऊ ठरते.

जोडणीच्या वेळी टॉर्क रेंच, म्हणजे पिळाचे बळ मोजणारा पाना, वापरण्यात आला. दिलेल्या पिळापैकी सुमारे नऊ दशांश भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतील घर्षणातच खर्ची पडतो आणि जेमतेम एक दशांश बोल्टला ताणतो. त्यामुळे आट्यांना तेल असणे किंवा नसणे एवढ्यानेही ताणात मोठा फरक पडतो. एका टोकाने बंद असलेल्या छिद्रांतील तेल व कचरा पुसून काढणे आवश्यक होते, कारण तळाशी साचलेले तेल दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पाना फिरत राहूनही पीळ वाढत नसेल, तर धातू हार मानतो आहे असे समजून तेथेच थांबावे.

पुनर्बांधणी करणाऱ्याने हेड बसवण्यापूर्वीच प्रत्येक छिद्र आणि प्रत्येक बोल्ट तपासावा, आणि शंका असलेले छिद्र इंजिन टेबलावर असतानाच दुरुस्त करून घ्यावे. गाडीत बसवलेल्या इंजिनात तेच काम सरळ ड्रिल धरण्यासही जागा नसताना करावे लागते.