रिकामी ओळ

पाचवीतल्या मुलाच्या हाती परीक्षेसाठी म्हणून बॉलपेन आले की आपण मोठे झालो असे त्याला वाटू लागते. तोवर पेन्सिल असते; चुकले तर खोडरबर असते, आणि खोडरबर हरवले तर थुंकी लावलेले बोट असते. पेनापुढे यांतले काहीच चालत नाही. इकडे लासुर्ण्याच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे धावू लागल्या की मी वर्गात एक विद्या शिकवायला घेतो. ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. गोल काळा करण्याची विद्या.

हसू नका. शिष्यवृत्तीची परीक्षा घ्या की नवोदयची घ्या, तिथे उत्तर लिहायचे नसते. प्रश्नाच्या क्रमांकापुढे चार गोल छापलेले असतात, त्यांतला एक काळा करायचा असतो. पण पहिल्या दिवशी निम्मी मुले गोलात बरोबरची खूण करतात, काही फुली मारतात, एखादा नुसता ठिपका देऊन मोकळा होतो. एका हौशी मुलीने तर गोलाला नाक-डोळे काढले होते. मग सांगावे लागते : गोल पुरता भरायचा, पण रेघेबाहेर जायचे नाही, एका ओळीत दोन गोल काळे केले तर दोन्ही बुडाले, कागदाला घडी घालायची नाही, कारण कडेला ज्या बारीक काळ्या पट्ट्या असतात त्यांच्यावरून यंत्र ओळी ओळखते. मुले विचारतात, "गुरुजी, यंत्राला वाचता येतं का?" नाही. त्याला फक्त काळे आणि पांढरे कळते. पांढऱ्यावरून उजेड परततो, काळ्यावरून परतत नाही. एवढ्यावर त्याचा सगळा न्याय चालतो.

आणि हे यंत्र सुचले कुणाला, तर एका मास्तरालाच. अमेरिकेत मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन नावाचा विज्ञानशिक्षक होता. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, तेव्हा पेन्सिलीच्या खुणा विजेने मोजता येतील, हे त्याच्या डोक्यात आले. आयबीएम कंपनीने १९३४ साली त्याला नोकरीत घेतले आणि १९३८ पर्यंत त्याचे पेपर तपासणारे यंत्र बाजारात आले. विजेच्या जागी उजेड नंतर आला, म्हणून तर आमच्या मुलांना पेन चालते. वह्यांचे गठ्ठे घरी वाहून नेणाऱ्या कोणत्याही मास्तराला जॉन्सनचे मन कळेल.

या यंत्राला मी नावे ठेवणार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. माझ्या वाट्याला असले गोल आले नाहीत, माणसेच आली. त्यांत जीव लावणारी होती, आणि वही हाती येताच आधी आडनाव वाचणारेही एक होते. त्या आडनावावर गुण कसे चढत आणि उतरत, ते मी बाकावर बसून पाहिले आहे. यंत्र आडनाव वाचत नाही. पोराचा बाप बागायतदार आहे की दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, हे त्याला ठाऊक नसते. आमच्यासारख्या गावात ही लहान गोष्ट नव्हे.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या एकाची मुलगी माझ्या वर्गात होती. हिशेबाची भारी. नवोदयला बसवायची ठरली. नवोदय विद्यालये १९८५-८६ साली सुरू झाली. पहिल्या दोनांतले एक आपल्या अमरावतीचे. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. निवड झाली की सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवणखाण, शिक्षण, सारे सरकारचे. आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यांतल्या मुलांच्या. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मात्र आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, ही सोय नाही.

प्रश्न ८०, गुण १००, वेळ २ तास. चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे, वीस गणिताचे, वीस भाषेचे. अडले तर सोडून पुढे जायचे आणि प्रश्नाबरोबर त्याची ओळही सोडायची, हे तिला पाठ होते. सत्तेचाळिसावे गणित अडले. ते सोडले, तेवढ्यात पर्यवेक्षक सही घ्यायला आले. सही करून तिने अठ्ठेचाळिसाव्याचे उत्तर सत्तेचाळिसाव्या ओळीत भरले, आणि तिथून पुढे भरभर प्रत्येक उत्तर एकेक घर वर चढत गेले. शेवटी प्रश्न संपले आणि ऐंशीवी ओळ रिकामी राहिली तेव्हा तिला कळले. शाई ती शाई. पंधरा मिनिटे उरली होती.

परतीच्या एसटीत तिने मला जे सांगितले ते मी विसरणार नाही. ती रडत बसली नव्हती. तिने आधी ऐंशीवी ओळ बरोबर भरली. मग सत्तेचाळीसपासून एकुणऐंशीपर्यंत एकेक ओळ ताडून पाहिली : खालच्या प्रश्नाचे जे उत्तर चुकून इथे आले, तेच या प्रश्नाचेही उत्तर आहे का? सत्तेचाळिसावे गणितही या फेरीत सुटले. तेहतीसपैकी नऊ ठिकाणी जुळले होते. "शेहेचाळीस, नऊ नि एक, छप्पन्न. सवा गुणानं सत्तर होत्यात, गुरुजी." दहा वर्षांच्या पोरीने गणिताचा याहून चांगला पेपर कुठे सोडवला असेल, असे मला वाटत नाही. पण त्या पेपराला ओळ नव्हती नि गोल नव्हता.

तिचे नाव यादीत आले नाही. गाळपाचा हंगाम संपत आला होता. तिचा बाप संध्याकाळी रिकामी ट्रॉली घेऊन माझ्या दारात थांबला, मुलगी बाजूला उभी. फेरतपासणी होते का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "यंत्र तपासतं. त्यानं बरोबरच तपासलं असणार."

"मग त्या यंत्राला भेटाया कुठं जावं लागतं, गुर्जी?"

मी काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "आप्पा, यंत्राचं काय चुकलं न्हाय. वळ सोडायची राह्यली."

तो थोडा वेळ चाकाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "पर तिला येत हुतं न्हवं समदं?"

"सगळं येत होतं."

त्याने मान हलवली, पोरीला वर सीटशेजारी बसवले आणि ट्रॅक्टर सुरू केला. उद्याच्या खेपेसाठी त्याला फडावर जायचे होते.