दिल्लीला काय काम काढलंत?

डहाणूत कुणालाही सांगून पाहा की, आठवडाभर दिल्लीला चाललेय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "का हो बाई, काय काम काढलंत?" बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या मांगेलीण मावशींनी हेच विचारलं, बँकेतल्या मुलाने हेच विचारलं. घोलवडच्या आमच्या वाडीत चिकू उतरवणाऱ्या गड्याने तर आवाज खाली आणून विचारलं, "घरात सगळं बरं आहे ना?" नुसतं बघायला जातोय, असं म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो, मग समजूतदारपणे हसतो. आमच्याकडची माणसं शिर्डीला दर्शनाला जातात, महाबळेश्वरला हवा खायला जातात. राजधानीत मात्र काम असलं तरच जायचं, आणि काम नसेल तर नशीब समजून घरी बसायचं.

यात भाबडेपणा नाही, अनुभव आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी तलासरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट ठाणं गाठावं लागे. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं आणि मधल्या उजेडात एक सही मिळवायची. त्याच्या लेखी ठाणं हीच एक राजधानी होती. मुंबई त्याहून मोठी, दिल्ली तर फक्त रेडिओतली.

आणि राजधानी म्हणजे तरी कुठली, हाही आमच्याकडे सरळ प्रश्न नाही. १९६० साली दोन राज्यं झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचे तुकडे झाले. उंबरगाव गुजरातेत गेलं, इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. पूर्वेला दादरा-नगर हवेली. १९५४मध्ये पोर्तुगिजांच्या हातून सुटलेली ही हवेली २०२०पासून दमण-दीवबरोबर एकच केंद्रशासित प्रदेश आहे. एखाद्या वारली घरातली थोरली मुलगी उंबरगावकडे दिलेली असते, मधली सिल्वासाकडे आणि धाकटी तलासरीतच. तिघींची बोली एक, देव एक, लग्नाचा चौक एक. राजधान्या मात्र गांधीनगर, दमण आणि मुंबई. माहेरी जमल्या की तिघी आपापल्या सरकारांची उणीदुणी अशी काढतात, की तीन सासवांबद्दल चाललंय असं वाटावं.

तर आम्ही चौघं निघणार आहोत. मी, आमचे हे, आणि माझ्याबरोबर शाळेत अनेक वर्षं शिकवलेले तलासरीकडचे सर आणि त्यांच्या घरच्या. उतरायचं माझ्या भाचीकडे, दिल्लीतल्या द्वारकेत. सर वारली आहेत. घरची भातशेती सांभाळून त्यांनी नोकरी पुरी केली. त्यामुळे आठवडा ठरवायला बसलो तेव्हा दिल्लीचा नकाशा नंतर उघडला, आधी उघडली ती कालनिर्णय. जून-जुलै सरांना शक्य नाही, लावणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणी, आणि तेव्हा दिल्लीत धूर. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं, गाड्या कधी पोचतील त्याचा नेम नाही. मार्चात शिमगा येतो, आणि शिमग्याला वारली घर सोडत नाही, तुम्ही चंद्रावरची राजधानी दाखवतो म्हणालात तरी. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा, त्यानंतर तिथल्या उन्हात आम्ही समुद्राकाठची माणसं टिकणार नाही. राहता राहिला फेब्रुवारी. त्यावर आमचे हे म्हणाले, "तेव्हा चिकूची तोड जोरात असते." म्हणजे एकाचं भात मोकळं होतं तर दुसऱ्याची वाडी अडते. शेवटी फेब्रुवारीतला दुसरा आठवडा निघाला. तेव्हा राष्ट्रपती भवनाची बाग लोकांसाठी उघडी असते, हे आम्हांला ठरवून झाल्यावर कळलं.

सरांचे मोठे भाऊ या बैठकांना येऊन बसत. ते येणार नव्हते, पण राजधानीला कसं जायचं याचा अनुभव आमच्यात त्यांनाच होता. २०१८च्या मार्चात नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला चालत गेला. ६ तारखेला निघाला, १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचला. सुमारे १८० किलोमीटर, सात दिवस. म्हणजे हीसुद्धा राजधानीची आठवड्याची सहलच म्हणायची. वाटेत ठाणे-पालघरचे लोक मिळाले, त्यांत हे भाऊ. मागणी मुख्यतः २००६च्या वनहक्क कायद्याची : कसतो ती जमीन नावावर करा. त्यांच्याकडून मी तयारी ऐकत राहिले. तांदूळ घरून. डाळ घरून. जळण आणि टोप टेम्पोत, टेम्पो पुढे जाणार आणि मुक्कामी चूल पेटवून ठेवणार. चप्पल जुनी घालायची, नवीन चावते. अंथरायला गोणपाट. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात इतकी सरळ यादी नाही.

११ तारखेला मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर थांबला होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडून मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि अंधारात चालत आझाद मैदानात गेली. मी जन्मभर दहावीच्या वर्गांवर पर्यवेक्षण केलं. पेपरच्या दिवशी मंडपवाल्याला भोंगा बंद करायला सांगताना माझा घसा बसलेला आहे. त्यामुळे या एका गोष्टीपुढे मला त्या मोर्च्याचं राजकारण कधी नीट तपासताच आलेलं नाही. पहाटे मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. संध्याकाळपर्यंत सरकारकडून लेखी आश्वासन आलं, आणि नाशिककडच्यांसाठी भुसावळच्या दिशेने खास गाड्या सुटल्या.

"मग मुंबईत काय पाहिलंत?" मी विचारलं.

"पाहायचं काय? रात्र होती. उड्डाणपूल पाहिले, खालून."

"समुद्र तरी?"

"समुद्र डहाणूला आहे की," भाऊ म्हणाले.

दिल्लीच्या गाडीचा विषय मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेरचा निघाला. गंमत अशी की, दिल्लीला जाणारं सगळं काही आमच्या दारावरून जातं. १८६४ साली ही रेल्वे मुंबईपर्यंत जोडली गेली, तेव्हापासून आम्ही रुळाकाठचे. १९७२पासून राजधानी एक्स्प्रेस डहाणू रोडच्या फलाटावरची धूळ उडवत जाते. चारोटी-तलासरीवरून जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग पुढे दिल्लीलाच भिडतो. मालगाड्यांची वेगळी मार्गिकाही इथूनच. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाने तलासरी-डहाणूतली शेतं कापली, त्यांत सरांच्या नात्यातलं एक भातखाचर होतं. इतके रस्ते अंगावरून गेले, पण राजधानी पकडायची तर डहाणूच्या माणसाने आधी उलटं बोरिवलीला जायचं. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्या लोकलने दोन तास दक्षिणेला जाऊन, मग उत्तरेकडची गाडी पकडून, त्याच डहाणूवरून पुन्हा जायचं, बंद काचेतून आपलं गाव ओळखत! सर म्हणाले, आपण वापीला जाऊ, तलासरीहून हाकेवर आहे, थांबणारी गाडी बघू. आमच्या ह्यांना गुजरातेतून सुरुवात करणं पटेना, कारण सांगता येईना. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे या वादाला शेवटची तारीख तरी होती. वापी ठरलं.

मग आठवडा मांडायला घेतला. दिल्लीच्या आठवड्यात पहिला खिळा सोमवार. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, बहाई लोकांचं कमळमंदिर, सगळं सोमवारी बंद. म्हणून सोमवार कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला दिला, ती रोज उघडी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे कळल्यावर आग्र्याचा विषय चौघांनीही सुटकेच्या भावनेने सोडला. माझ्या यादीत लाल किल्ला होता, कारण पंधरा ऑगस्टला तो शाळेच्या टीव्हीवर इतका दाखवलाय की प्रत्यक्ष पाहणं कर्तव्य झालंय. सरांच्या यादीत रामलीला मैदान. तिथे पाहण्यासारखं काय, असं भाचीने फोनवर विचारलं. सर म्हणाले, "मैदान."

ज्या जागेवर आमचं एकमत झालं ती म्हणजे प्रगती मैदानाशेजारचं हस्तकला संग्रहालय. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं, अंगणा-ओसऱ्यांचं. तिथल्या भिंतींवर देशभरच्या आदिवासी चित्रकारांनी रंगवलंय, आणि आम्हांला त्यांत आपली भिंत शोधायची आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तलासरीच्या धामणगावचे, पण आयुष्य गेलं डहाणूच्या गंजाडला. आमच्या एस.टी.च्या वाटेवरचं गाव. भिंतीवर लग्नाचा चौक काढणं हे सवाशिणींचं काम. त्यात हा माणूस लहानपणीच चित्रांत शिरला, आणि सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी या पाड्यांवरच्या भिंती शोधत येऊन कागद हाती दिला तेव्हा तो चित्राला लग्नाबाहेर घेऊन गेला. मासेमारीचं जाळं त्यांनी असं काढलंय की कागदभर नुसते बारीक पांढरे दोरे, आणि तुमची नजर त्यांत अडकून बसते. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री, २०१८च्या मे महिन्यात गेले. राष्ट्रपती भवनात शिरताना मला अशोकचक्र वगैरेंच्या आधी त्यांची आठवण येणार. रंग म्हणजे काय तर तांदळाचं पीठ आणि पाणी. मोर्च्याच्या टेम्पोत होता तोच जिन्नस.

सरांच्या घरच्यांना मात्र हे कौतुक मान्य नाही. "घरच्या भिंतीवर आहे ते बघायला इतक्या लांब?" असं म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "बघेन. पालघट देवी नीट बसवलीय का ते तरी कळेल." त्या स्वतः चौक काढतात. संग्रहालयाने तयार राहावं.

आमच्या ह्यांना सर्वोच्च न्यायालय बघायचंय. शनिवारी आधी नाव नोंदवून तिथे आतून फिरता येतं. कारण विचारायची गरज नव्हती. २० जून १९९१ला दिल्लीतून अधिसूचना निघाली की, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक. १९९६ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण बसलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. तोवर औष्णिक वीज केंद्राची चिमणी उभी राहिलीच होती, पण आमच्या वाड्या अजून वाड्या आहेत, याचं बरंचसं श्रेय आमचे हे त्या कागदांना देतात. वाढवणचं बंदर त्याच प्राधिकरणाने १९९८ला अडवलं होतं. २०२३ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, जून २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरात पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींच्या या आकड्यासमोर चिकूचा भाव काय बोलायचा! यावर आमच्या घरात दर रविवारी वाद होतो आणि तो सोमवारी कुणी जिंकलेला नसतो.

या बंदरापायीच आमच्या सहलीला पहिला तडा गेला. मांगेलीण मावशींकडे पापलेट घ्यायला गेले होते. त्या म्हणाल्या, "दिल्लीलाच जाताय तर विचारून या ना, आमच्या जाळ्यांचं काय ठरवलंय ते." मी म्हटलं, कुणाला विचारू? त्या म्हणाल्या, "असेल कुणीतरी. तिथनंच येतं ना सगळं." दोन दिवसांनी सरांच्या भावांनी वनहक्काच्या दाव्याच्या कागदांची झेरॉक्स आणून ठेवली. काही करू नका, फक्त जवळ असू द्या म्हणाले. बँकेतल्या मुलाला त्याच्या बदलीच्या अर्जाचं कुठल्या इमारतीत कळेल ते हवं होतं. मी सांगत होते की आम्ही बाग बघायला जातोय. सगळे मान डोलावत होते आणि कागद ठेवून जात होते. गुरुवार आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता, चांदणी चौकात वाट चुकायला. आमच्या ह्यांनी त्या रकान्यात पेन्सिलीने 'कामं' लिहिलं. मी खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं.

बांधाबांध राहिलीय. स्वेटर आमच्याकडे नावाला आहेत, ते भाची देणार. चिकू कडक बघून न्यायचे, चार-पाच दिवसांत पिकतील असे, म्हणजे पोचल्यावर तिला खाता येतील. सरांच्या घरच्या पाच किलो तांदूळ घेणारच आहेत, त्यावर चर्चा नाही. काल रात्री भाचीचा फोन आला.

"आत्या, सगळं आण, पण सुकट नको हं. लिफ्टमध्ये वास राहतो. मागे सोसायटीच्या ग्रुपवर विषय झाला होता."

"बरं," मी म्हटलं. "बोंबीलही नको मग."

"नको."

"सोडे?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "किती आणशील?"