दुसरी सुई

दसरा जवळ आला की मी बैलांच्या कानातले बिल्ले तपासत गावोगाव फिरतो. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत असतात. गाडीवान आपले बैल थेट सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांपर्यंत नेतात. तिथे कोप्यांच्या तळावर दहा गावांची जनावरं एकाच हौदावर पाणी पितात. लाळ्या-खुरकुताला याहून सोयीची जागा नाही. जोडीतला एक बैल लंगडला तरी गाडी थांबते आणि घेतलेली उचल फिटत नाही.

एका हंगामात तळावरून फोन आला. "डॉक्टर, तुम्ही टोचलं व्हतं की हो, मग लाळ का गळायलीय?"

या प्रश्नाचं उत्तर मी अनेक वर्षं शोधतो आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार. भारतात ओ, ए आणि एशिया-1 हे तीन आढळतात, म्हणून आपली लसही तिहेरी. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला अडवत नाहीत. प्रकाराच्या आतही विषाणू बदलत राहतो, कारण त्याच्या आरएनएच्या नकला काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारं कोणी नसतं. त्याच्या कवचावर एक लवचीक वेटोळं आहे. त्यातली तीन अमिनो आम्लं पेशीला चिकटण्यासाठी लागतात, ती तो सहसा सोडत नाही. त्यांच्या आजूबाजूचं मात्र बदलतो, आणि प्रतिपिंडांची पकड बरीचशी याच आजूबाजूवर असते. चोरीचा बैल शिंगं साळून, रंगवून बाजारात उभा केला की मालकही क्षणभर चकतो, तसं हे. 2001 नंतर भारतात ए प्रकाराचा एक गट पसरला. त्याच्या कवचातल्या एका प्रथिनातलं 59 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल गळालं होतं. एवढ्याशा फरकाचीही लसीचं बीज, म्हणजे लस ज्यापासून बनवतात तो विषाणू, निवडताना दखल घ्यावी लागते. ओ प्रकाराचं 1975 सालचं बीज मात्र कितीतरी वर्षं कामाला आलं.

आमच्या आधीच्या डॉक्टरांनी गुरांना होणारी बुळकांडी संपवली. 2011 मध्ये जग तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. तिचा विषाणूही आरएनएचाच होता, पण त्याचा प्रतिपिंडांना दिसणारा चेहरा एकच राहिला. त्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे, आणि थोडा हेवाही. त्यांची एक सुई जनावराला जन्मभर पुरायची, माझी जेमतेम सहा महिने.

त्या फोननंतर मी तळावर गेलो. बैलाची जीभ हातात धरून नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल काढली आणि ग्लिसरीन-बफरच्या बाटलीत टाकली. जनावराला दुखतं, हात थरथरू देता येत नाही. मला विचाराल तर माझ्या कामातलं सगळ्यांत मोलाचं काम हेच. विषाणूनं रूप बदललं आहे का, हे प्रयोगशाळा त्या सालीवरूनच सांगते. पुढे लसीचं बीज बदलायचं की नाही, हेही अशाच सालींवरून ठरतं.

अहवाल आला : ओ. लसीशी जुळणारा. विषाणू निसटला नव्हता. तो बैल उन्हाळ्यात बाजारातून आणलेला होता, पहिल्यांदाच टोचलेला, आणि महिन्याभरानं द्यायचा दुसरा डोस त्याला मिळाला नव्हता. तो देणं माझं काम होतं. पहिल्या सुईनं प्रतिपिंडं तयार होतात, पण विरळ. दुसऱ्या सुईनं ती दाट होतात, आणि दाट असली की थोड्याशा बदललेल्या विषाणूलाही पकडतात. बीज प्रयोगशाळेत ठरतं, पण दाटपणा बराचसा माझ्या हातात आहे.

आता मी नव्या बैलांची वेगळी वही ठेवतो. पोळ्याच्या आधी पहिली सुई, आणि गाड्या हलायच्या आत दुसरी. गेल्या खेपेला एक मामा जोडी ट्रकमध्ये चढवत असतानाच मी पोचलो. "थांबा मामा, एक राहिलीय," म्हणालो. त्यांनी काही न बोलता कासरा आवळून धरला.