आधी काचपट्टी

येरवड्याला आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काका राहत. हिवताप खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. सगळी चाळ त्यांना मलेरियाकाका म्हणे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. पुढे मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर झालो आणि त्याच कामात निवृत्त झालो, ते या माणसामुळे.

अकरावीच्या पावसाळ्यात मला एक दिवसाआड हुडहुडी भरायला लागली. दात वाजायचे, अंगावर गोधड्या टाकल्या तरी थंडी जायची नाही, मग तापाने अंग भाजून निघायचं आणि शेवटी घाम फुटून सगळं शांत. आजीने गुळवेल आणि काडेचिराइताचा काढा चुलीवर चढवला होता. काका दारात येऊन उभे राहिले. "आजी, काढा खुशाल द्या, माझी ना नाही. पण आधी काचपट्टी."

त्यांनी माझ्या डाव्या हाताची अनामिका पुसली, सुई टोचली, रक्ताचा एक थेंब काचेवर गोल फिरवून जाडसर ठेवला आणि दुसरा थेंब दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ ओढला. संध्याकाळी येऊन म्हणाले, "व्हायव्हॅक्स हिवताप आहे. बरा होशील, पण गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही, ते यकृतात दडून बसतात." आईने पेढे नेले तर त्यांनी एकच उचलला. "सरकार पगार देतं, वहिनी."

बरा झाल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. रंगवून वाळवलेल्या काचपट्टीवर देवदाराच्या तेलाचा थेंब टाकला, भिंग त्या तेलात टेकवलं आणि म्हणाले, "बघ." तांबड्या पेशीच्या आत निळसर कडं होतं, त्यावर लाल ठिपका. माझ्या रक्तातला, मला आठवडाभर लोळवणारा प्राणी एवढाच! "हे दिसतंय ते झाडाच्या तेलातून," काका म्हणाले, "आणि मरतं तेही झाडाच्याच विद्येने. तुझी क्लोरोक्विनची गोळी कारखान्यातली खरी, पण तिचा सांगाडा कोयनेलवर बेतलेला. कोयनेल सिंकोनाच्या सालीतलं." त्या दिवसापासून मी झाडांच्या मागे लागलो.

त्यांची आवडती गोष्ट आमच्या शेजारचीच होती. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ पासून गांधीजी कैदेत होते. तिथेच त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांत गांधीजींना हिवतापाने गाठलं. ताप १०५ अंशांवर गेला, रक्तात जंतूंची खच्चून गर्दी निघाली. त्यांनी आधी कोयनेल नाकारलं. उपास आणि फळांच्या रसावर भागेल, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी मात्र ते राजी झाले, दोन दिवसांत ३३ ग्रेन कोयनेल घेतलं आणि ताप उतरला. प्रकृती फार खालावल्यामुळे ६ मे रोजी त्यांची सुटका झाली. "महात्म्यालासुद्धा काचपट्टी चुकली नाही," असं म्हणून काका हसायचे. मग गंभीर होऊन सांगायचे, की मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती गेलं आणि जगातलं बहुतेक कोयनेल तिथूनच येत असल्याने त्याचा दुष्काळ पडला होता. ज्याला कोणी ओळखत नव्हतं, त्याला त्या साली पुडी कुठून मिळणार?

जावातली ती झाडं कुठून आली, हे मी पुढे वाचलं. बोलिव्हियातल्या मानुएल इंक्रा मामानी या आदिवासी माणसाला सालीची पारख होती. त्याने थंडीने बी जळण्याची वर्षं सोसून उत्तम सिंकोनाचं बी गोळा केलं. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत ते युरोपात गेलं. इंग्रज सरकारने नको म्हटलं, डचांनी १८६५ मध्ये त्यातलं थोडं घेतलं आणि त्यावर जावाचे मळे उभे राहिले. झाडाला नाव मिळालं लेजरचं. मामानीला पुढे बी गोळा केल्याबद्दल पकडून तुरुंगात इतकं मारलं, की तो त्यातच गेला. मी हे काकांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यांची उमेदीची वर्षं आज गडचिरोलीत मोडणाऱ्या भागात गेली होती. मेंदूत चढणारा फॅल्सिपेरम हिवताप त्यांनी तिथे पाहिला होता. क्लोरोक्विन त्याच्यावर चालेनासं झालं आणि आर्टेमिसिनिनची औषधं आली, तेव्हा ते निवृत्त झाले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना नोबेल जाहीर झालं, ते वर्तमानपत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चौथ्या शतकातल्या गे हाँग या चिनी वैद्याने लिहून ठेवलं होतं, की चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा. उकळायला त्याने सांगितलंच नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा, हे तूबाईंनी त्यावरून ओळखलं, ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांवर पूर्ण लागू पडला. मग माणसांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. काकांनी सगळं ऐकलं. "म्हणजे आमच्या आजींनी तो पाला आणला असता, तरी चुलीवर घालवला असता!"

टेबलावर दवण्याची जुडी होती. काका कोल्हापूरकडचे, ज्योतिबाचे भक्त. दवणा आणि ती चिनी वनस्पती एकाच आर्टेमिसिया कुळीतल्या, हे सांगितल्यावर त्यांनी जुडी नाकाशी धरली. "असेल. पण हा ज्योतिबालाच वाहायचा. तापाला नाही."

काका गेले. त्यांनी आयुष्यभर किती बोटं टोचली, याची नोंद खात्याच्या वह्यांत असेल, पण त्यांचं नाव कुठल्या औषधावर नाही आणि पुस्तकातही नाही. झाड औषध देतं हे खरं. ते ओळखणारा, रानातून आणणारा, योग्य रोग्याला वेळेवर पोचवणारा माणूस मधे नसेल, तर ती नुसती कडू साल.

माझ्या विद्यार्थ्यांना वनस्पतींचे नमुने दाबून, वाळवून कागदावर चिकटवावे लागत. त्यावरच्या चिठ्ठीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचं नाव असतं. मी त्यात एक ओळ वाढवली होती: झाड कोणी दाखवलं? गुराखी असो, वैदू असो, नाहीतर कुणाची आजी, त्याचं नाव लिहिल्याशिवाय मी नमुना तपासायला घेत नसे. पोरं कुरकुरायची, अभ्यासक्रमात नाही म्हणायची. मी चिठ्ठी परत करायचो.