चारशे वीस मिलिलिटर

घरी येणारा प्रत्येक पाहुणा पोर्चमध्ये बुलेटखालचा काळा डाग बघतो आणि तोच प्रश्न विचारतो, "तेल गळतंय का हो?" गळतंय. पण कुठलं, ते महत्त्वाचं! अण्णांच्या या जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटमध्ये तीन ठिकाणी तीन तेलं असतात. इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि डाव्या बाजूच्या फुगीर झाकणाआड, प्रायमरी चेनकेसमधलं, तिसरं. पुढे आलेल्या यूसीई इंजिनात हे सगळं एकाच तेलावर चालतं, त्यामुळे नव्या गॅरेजमधली पोरं इंजिन ऑइल बदलतात आणि 'झालं काका' म्हणतात. तिसरं तेल तसंच राहतं.

त्या झाकणाआड काय काय आहे? क्रँकवरून क्लचकडे जाणारी दुहेरी चेन, खुद्द क्लच आणि अल्टरनेटर. हे सगळं एकाच तेलात भिजतं. तेल कमी पडलं की चेन कोरडी पडून झिजते. चुकीचं पडलं तर क्लच रुसतो. सकाळी प्लेटा चिकटून बसतात, पहिला गिअर टाकला की खटकन आवाज, गाडी पुढे झेपावते, आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. (म्हणूनच सकाळी स्टार्ट करण्याआधी क्लच दाबून दोन-चार रिकाम्या किका मारायच्या. अण्णा हे न चुकता करायचे. लहानपणी मला वाटायचं, गाडीला नमस्कार करताहेत.) मोटारीचं 'घर्षण कमी करणारं' महागडं तेल घातलं तर उलटच, क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून २०डब्ल्यू५० घ्यावं, भांडण मिटलं. एटीएफवाले मित्र यावर वाद घालतीलच, घालू देत. :)

आणि लागतं किती? ४२० मिलिलिटर. हो, चारसोवीसच!

आमच्या गाडीला चेनकेसखाली ड्रेन प्लग नाही. डावा फुटरेस्ट काढायचा, ब्रेकचं पेडल बाजूला करायचं, खाली पसरट परात ठेवायची आणि मधला एकुलता एक मोठा नट सोडवायचा. झाकण सुटतं आणि तेल परातीत येतं. गडबड करायची नाही, आत अल्टरनेटरच्या वायरी आहेत. झाकण उघडलंच आहे तर चेनही बघावी. चाक फिरवत जिथे ती सगळ्यात घट्ट लागते तिथे वर-खाली साधारण पाव इंच हलली पाहिजे. परत बसवताना खाचेतलं रबर नीट बसलंय ना ते बघून नट आवळायचा, पण जिवाच्या आकांताने नाही. गळती थांबवायला बहुतेक जण नेमकं तेच करतात. त्याने झाकण वाकतं आणि मग ते कायमचंच गळतं. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, लेव्हलच्या भोकातून तेल डोकावेपर्यंत भरायचं. पुरे.

मी एक काम जास्तीचं करतो. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात ओतून बघतो. मागच्या वर्षी ३९० निघालं होतं, बाकीचं फरशीवर. या वेळी निघालं ५५०! घातलेल्यापेक्षा जास्त. वास जळकट, रंग काळाकुट्ट. आणि इंजिनाचं तेल मात्र डिपस्टिकवर खाली गेलेलं. याचा अर्थ एकच. क्रँकच्या डाव्या टोकाचं ऑइल सील गेलं आहे आणि इंजिनाचं तेल हळूहळू चेनकेसमध्ये येतंय.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, किती दिवस पोसणार? त्या हॉटेलवाल्याला देऊन टाक, दारात शोभेला ठेवतो म्हणतोय ना." दादा चुकीचं बोलत नाही. अण्णा गेल्यापासून गाडी वर्षाला जेमतेम पाचशे किलोमीटर फिरते. पण सील म्हणजे रबराची एक चकती. त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. क्लच, अल्टरनेटरचा रोटर आणि पुढचा स्प्रॉकेट काढला की ते समोर दिसतं. शोभेला ठेवलेल्या गाडीचं तेल कोण मोजणार?

स्प्रॉकेटसाठी पुलर लागतो. एका जुन्या मिस्त्रींकडे आहे. ते आता हाताच्या थरथरीमुळे काम घेत नाहीत, पण म्हणाले, "पुलर घेऊन मीच येतो, शेजारी बसतो, तुम्ही करा." रविवारी सकाळी येणार आहेत. दादालाही चहाला बोलावलंय.