अलमट्टीच्या बागेत

बेळगावातल्या आमच्यासारख्या घरांत अलमट्टीचे नाव वर्षातून एकदा हमखास निघते. जुलै सरत आला, कृष्णा-वारणा चढू लागल्या, की सांगलीच्या नातलगांचे फोन येतात, "अलमट्टीतून किती सोडलंय बघ रे, तुला कानडी पेपर वाचता येतो." मराठी शाळेत शिकूनही कानडी लिहिता-वाचता येऊ लागल्यामुळे मला मिळालेला हा बिनपगारी हुद्दा!

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातले आत्याचे घर आठवडाभर पाण्यात होते. पाणी ओसरले, गाळ उपसला, भांडी घासली. पण पुढच्या दाराची चौकट जी फुगली ती फुगलीच. ते दार अजून नीट लागत नाही. हे सारे अलमट्टीमुळे, अशी आत्याची खात्री. महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे ही कारणे दाखवून अलमट्टीला दोष दिला नाही, हे मी तिला वाचून दाखवले होते. "समितीच्या घरात पाणी शिरलं होतं का?" असे तिने विचारले. यावर वाणिज्य शाखेत उत्तर नाही.

तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मला ती भिंत दाखव."

यरगट्टी, लोकापूर करत बागलकोट गाठले. जुन्या गावाचा सखल भाग पाण्याखाली गेला, म्हणून बरीच वस्ती नवनगरात हलली आहे. तिथून पुढे काळ्या रानातून बस धावते. झाड विरळ, डोंगर नाही, नजर अडेल असे काही नाही. आणि त्या सपाटीवर एकदम पाणीच पाणी! १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या या धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. पूर्ण पातळी ५१९.६ मीटर, साठा सुमारे १२३ टीएमसी, २६ दरवाजे, २९० मेगावॅट वीज. २०१० साली लवादाने पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, आणि सांगलीकरांची झोप उडाली ती त्या साडेचार मीटरांनी. मी आकडे सांगत होतो. आत्या पाण्याकडे बघत होती. "एवढं शांत कसं रे?" ती म्हणाली.

धरणाखालची बाग मात्र मोठ्या हौसेने केलेली आहे. मोगल पद्धतीची बाग, रॉक गार्डनमधली सिमेंटची जनावरे, संध्याकाळी गाण्यावर नाचणारे कारंजे. शाळेच्या सहलीतली पोरे गिरमिट खात सिमेंटच्या हत्तीवर चढत होती. मला ती बाग जरा भडक वाटली, पण पोरांना विचाराल तर ती माझे ऐकणार नाहीत.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी 'अज्जा' म्हणून चौकशी केली. त्यांचे गाव 'मुळुगडे'त गेलेले. आपल्याकडे बुडीत क्षेत्र म्हणतात तेच. पण ते कागदावरचे वाटते, आणि अज्जांच्या तोंडी 'मुळुगडे' आजारी माणसाच्या नावासारखे येत होते.

आत्या म्हणाली, "सांग त्यांना, तुमच्या या भिंतीनं आमचं घर बुडवलं."

क्षणभर वाटले, शब्द थोडे मऊ करावेत. पण आत्याला कानडी येत नसले तरी चेहरे वाचता येतात. मी जसेच्या तसे सांगितले. अज्जा रागावले नाहीत. म्हणाले, "भिंत आमची कुठली, यव्वा? आम्ही तर भिंतीच्या आत होतो."

मी हे मराठीत सांगितल्यावर आत्या गप्प झाली. मग तिने विचारायला लावले, पाणी रात्रीत आले का? नाही, अज्जा म्हणाले. सावकाश आले. एका वर्षी शेताच्या बांधाशी, पुढच्या वर्षी गोठ्यापाशी. लोकांनी आपल्या हातांनी घरे उतरवली; तुळया, दारे गाडीत घालून नव्या वस्तीत नेली. "तुमचं पाणी परत गेलं ना?" त्यांनी विचारले.

"गेलं," आत्या म्हणाली. हे मात्र तिने माझी वाट न पाहता, मान हलवूनच सांगितले.

अज्जांनी आपल्या दाराची चौकट आणली होती, पण नव्या घराची भिंत बुटकी निघाली. वीतभर कापून बसवावी लागली. आत्याने आपल्या फुगलेल्या चौकटीची हकीकत सांगितली. दोघांमध्ये मी बसून इकडचे तिकडे करत होतो, आणि फुगणे, रंधा मारणे, बिजागरी यांना कानडी शब्द शोधताना माझी पुरती तारांबळ उडाली. पदवीच्या अभ्यासक्रमात हे काही नसते.

तेवढ्यात कारंजे सुरू झाले आणि पोरांचा एकच गलका उठला. बसची वेळ झाली होती. मी उठलो तरी आत्या उठेना.

"थांब रे. विचार त्यांना, चौकट सागाची होती का?"

कडुलिंबाची, अज्जा म्हणाले.