गाडी कोठे ठेवावी?

जहाजाने प्रवासास निघालेल्या माणसाने आपली मोटार कोठे ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. घरातली चार माणसे तो पाच मिनिटांत सोडवतील, असे कोणालाही वाटेल. आमच्या पनवेलच्या घरात मात्र फेब्रुवारी २०२४ मधले जवळजवळ दोन आठवडे या एका प्रश्नाने खाल्ले.

माझे सासरे मूळचे बार्देशचे, तारवटी. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, हे वसई-पनवेलच्या वाचकांस वेगळे सांगावयास हवे, कारण आपल्याकडे समुद्र म्हटला की मासेमारीच आठवते. पप्पांनी अठ्ठावीस वर्षे समुद्रावर काढली, पण त्यातली बहुतेक इंजिनखोलीत. पुढे कोकण सेवक, कोकण शक्ती या बोटींचे दिवस संपले आणि भाऊच्या धक्क्यावरून पणजीस जाण्याची वाटही बुजली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोव्याकडे फेऱ्या करू लागले, तेव्हापासून पप्पांच्या मनात एकच होते : एकदा गोव्याला समुद्रानेच जायचे, आणि तेही वरच्या मजल्यावर बसून, कोणीतरी आणून दिलेला चहा घेत.

वय त्र्याऐंशी, कंपवाताने पाय अडखळतात. डॉक्टरांनी परवानगी दिली. पप्पांनी स्वतः एक अट घातली. चाकांच्या खुर्चीवरून बोटीवर चढणार नाही. "हांव म्हज्या पांयांनी चडटलों," एवढे बोलून ते गप्प झाले. अशा माणसाच्या बाबतीत गाडी जेथे उभी राहील, तेथून बंदराच्या दारापर्यंत पावले किती, हाच खरा हिशेब असतो.

यजमानांचे मत पनवेल स्थानकाच्या बाजूने. गाडी स्थानकाच्या वाहनतळावर ठेवावी, हार्बरची लोकल पनवेलहूनच सुटत असल्याने बसावयास जागा हमखास, सव्वा-दीड तासात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. खर्चाच्या दृष्टीने याला तोड नाही. परंतु फलाट गाठण्याची चाल आणि डब्यात चढण्याची घाई पप्पांच्या पायांस कशी झेपावी?

मुलाचा आग्रह निराळा. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी नुकताच खुला झाला होता आणि त्यावरून गाडी हाकण्याची हौस त्याच्या बोलण्यात लपत नव्हती. जवळजवळ बावीस किलोमीटरचा तो पूल, मोटारीस एका खेपेचा टोल २५० रुपये, परतीचा धरून ३७५. शिवडीस उतरले की बंदराच्या कडेकडेने थेट बॅलार्ड पिअर. येथवर सारे ठीक. पण पुढे तीन रात्री ती गाडी ठेवायची कोठे? फोर्टातले वाहनतळ तासांचा हिशेब करणाऱ्यांसाठी असतात. कचेरीस येणारा माणूस संध्याकाळी गाडी घेऊन घरी जातो, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. समुद्रावर गेलेल्याची गाडी तेथे परक्यासारखी उभी राहणार, आणि तिच्याकडे बघणारे कोणी नाही. माझगावच्या एका नातलगाने आपल्या आवारात जागा देऊ केली. परंतु त्यांच्या इमारतीतल्या इतर रहिवाशांची कुरकुर त्यांनी सोसावी, हे मला पटेना.

या वादात आमच्या गावाची एक जुनी गंमत माझ्या ध्यानात आली. आज आम्ही पनवेलकर मुंबईत गाडी कोठे ठेवावी म्हणून डोके खाजवतो. एके काळी बोटीत बसण्यापूर्वी वाहन सोडण्याची जागा पनवेल हीच होती. १८३० मध्ये जॉन माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागेपर्यंत पुण्याकडचे कितीतरी प्रवासी घाट उतरून पनवेलच्या बंदरावर येत, गाडी येथेच सोडत व पडावात बसून मुंबई गाठत. खाडी उथळ, म्हणून भरतीची वाट पाहणे आलेच. त्या ताटकळणाऱ्या माणसांवर आणि बैलांवर गावातल्या कितीजणांची चूल पेटत असेल! आता त्या खाडीकडे पाहून हे कोणाला खरेही वाटणार नाही.

पप्पांना हा इतिहास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि मग स्वतःचा सांगितला. आमच्यापैकी कोणीही तो त्यांना यापूर्वी विचारला नव्हता.

मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांनी आपापल्या लोकांसाठी 'कूड' चालविले. धोबीतलावच्या जेर महालातले कूड पुष्कळांनी निदान ऐकलेले असतील. बोटीची वाट पाहणारा तारवटी नाममात्र भाडे देऊन तेथे राही. भिंतीशी ओळीने पेट्या, एका बाजूस आल्तार, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणजे रोजरी. कोणी बोटीवर गेला की त्याची पेटी मागे राही. "बाये," पप्पा म्हणाले, "पेटीक कुलूप आसतालें, पूण आमी कुलपाचेर विश्वास दवरूंक ना." पेटीवर नाव असे, आणि शेजारच्या पेटीचा मालक त्याच गावचा असे. एखादा तारवटी परतला नाही, तर त्याची पेटी गावी कोणाच्या दारात उतरवायची, हे त्या खोलीतल्या प्रत्येकास ठाऊक असे. पप्पांनी स्वतः एकदा अशी पेटी नेली होती. ती कोणाची, हे त्यांनी सांगितले नाही व मी विचारले नाही.

त्यानंतर वाद उरला नाही. गाडी घराखालीच राहील, किल्ली शेजारच्या मास्तरांकडे, आणि आम्ही भाड्याची टॅक्सी करून थेट बंदराच्या दाराशी उतरू. इतके दिवस आम्ही दोन प्रश्नांची एकच गाठ मारून बसलो होतो : गाडीने कोठे थांबावे आणि माणसांनी कोठे उतरावे. ती गाठ सुटताच उरला तो फक्त टॅक्सीच्या भाड्याचा प्रश्न, आणि तो यजमानांनी जरा कुरकुरत का होईना, मिटविला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पप्पा किल्ली घेऊन स्वतः मास्तरांकडे गेले. किल्लीबरोबर घडी केलेला एक कागद होता. थरथरत्या अक्षरांत पप्पांचे पूर्ण नाव, गावचे नाव, गावातल्या पुतण्याचा दूरध्वनी क्रमांक. मास्तरांनी तो वाचला आणि काही न बोलता सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी धोबीतलावावरून वळवून नेली. कुडाचे जिने चढणे शक्य नव्हते. पप्पांनी काच खाली करून वरच्या खिडक्या न्याहाळल्या आणि "चला" म्हणाले. बंदराच्या दाराशी उतरल्यावर मुलाने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. चाकांची खुर्ची घेऊन आलेल्या माणसास मात्र मान हलवून परत पाठविले. तपासणीच्या रांगेत दोनदा बसले, दोनदा उठले. जहाजाच्या शिडीशी पोहोचलो तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. वर गेल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती चहाची नव्हे, इंजिनांची.

२० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले, तेव्हा मुलाने वर्तमानपत्र पप्पांपुढे धरले आणि पुन्हा जायचे का, असे विचारले. पप्पांनी फोटो पाहिला व दारापासून जहाजापर्यंत चाल किती, एवढेच विचारले.

आम्ही परत आलो त्या दिवशी मास्तरांनी किल्ली हातावर ठेवली. रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले होते, नाहीतर बॅटरी उतरली असती, असे ते म्हणाले. कागद त्यांनी परत केला नाही आणि पप्पांनीही मागितला नाही.